जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा विस्तार आणि अग्निसुरक्षा

जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा विस्तार म्हणजे कापूस रेचून रुई व सरकी वेगळी करणाऱ्या आणि रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात नवी शेड, गोदाम, माळा, यंत्रदालन किंवा वाहकपट्टा यांची भर घालणे होय. असा विस्तार करताना बांधकाम परवानगी, कारखाना नकाशाची मंजुरी आणि अग्निसुरक्षाविषयक अटी या तिन्हींची पूर्तता करावी लागते. विस्ताराचा परिणाम केवळ नव्या बांधकामापुरता मर्यादित नसतो. जुन्या इमारतीची मोकळी जागा, बाहेर पडण्याच्या वाटा, पाण्याची गरज आणि साठ्याचे प्रमाण या सर्व गोष्टी त्यामुळे बदलतात. म्हणून सुरक्षेचा विचार नव्या भागापुरता न करता संपूर्ण आवाराचा करावा, हे या विषयाचे मुख्य तत्त्व आहे. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा विदर्भाच्या कापूस पट्ट्यात मोडतो. सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण असून तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. कापसाच्या बाजारभावाच्या याद्यांमध्ये येथील बाजार समितीची नोंद ‘सिंदी (सेलू)’ अशी आढळते. जिल्ह्यातील हिंगणघाट हे गाव तर कापसाच्या व्यापारासाठी व गिरण्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

सुमारे १०० किलो कापसापासून ३३ ते ३५ किलो रुई मिळते. उरलेला बहुतांश भाग सरकीचा असतो. भारतात रुईच्या गाठीचे प्रमाणित वजन १७० किलो धरतात. म्हणजे एका गाठीसाठी साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या आसपास ओसरतो. या थोड्या महिन्यांत वर्षभराचा माल आवारात येतो, उघड्यावर कापसाच्या गंजी लागतात आणि गोदामे गाठींनी भरून जातात.

अशा कारखान्यांची वाढ बहुधा टप्प्याटप्प्याने होते. प्रथम रेच्यांचे दालन उभे राहते, पुढे सरकीसाठी पत्र्याची शेड, मग प्रेस, गाठींचे गोदाम आणि काही ठिकाणी सरकीचे तेल काढणारा घाणा अशी भर पडत जाते. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी साहाय्य देण्यात आले. फरसबंद ओटे, यांत्रिक वाहकपट्टे आणि एकाच आवारात जिनिंग व प्रेसिंग ही रचना त्यानंतर अधिक रूढ झाली. हाताने होणारी वाहतूक कमी झाल्याने मालाची प्रत सुधारली; परंतु पूर्वी स्वतंत्र असलेल्या इमारती पट्ट्यांनी व नळांनी एकमेकींशी जोडल्याही गेल्या.

रचनेवर कायद्याने बंधने घालण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमात न रेचलेला कापूस आत आणण्यासाठी आणि रेचलेली रुई बाहेर नेण्यासाठी स्वतंत्र दारे असावीत, तसेच प्रेसच्या दालनाची जमीन फरसबंद असावी, अशा तरतुदी होत्या. त्यांचा मूळ हेतू भेसळ रोखणे हा होता.

कापसाच्या आगीचे स्वरूप

सुटा कापूस व तंतुधूळ पृष्ठभागावर अतिशय वेगाने पेट घेतात. तुळयांवर, कैच्यांवर आणि दिव्यांच्या आवरणांवर साचलेल्या तंतूंवरून ज्योत काही क्षणांत शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचू शकते. दाबलेल्या गाठीत याउलट घडते. तिच्या पोटात शिरलेली ठिणगी ज्योत न दाखवता तासन्‌तास, प्रसंगी काही दिवस धुमसत राहते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असल्याने साधे पाणी गाठीत लवकर मुरत नाही. त्यामुळे विझलेली वाटणारी गाठ फोडून, भिजवून आणि इतर मालापासून दूर नेऊनच आग विझल्याची खात्री करावी लागते.

आगीची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• कापसात आलेले खिळे, तारा व खडे यंत्रावर आपटून उडणाऱ्या ठिणग्या.
• रेच्याचा चामडी रोलर स्थिर सुरीवर प्रमाणाबाहेर घासला जाणे किंवा धारवे तापणे.
• उघड्या किंवा अतिभारित विद्युत तारा आणि धूळ शिरू देणारे दिवे व कळा.
• आवारात येणाऱ्या ट्रॅक्टर व ट्रकच्या धुराड्यांतून उडणाऱ्या ठिणग्या.
• बिडी-सिगारेट आणि आवारात पेटवलेल्या चुली.
• ओलसर सरकीचे ढीग व तेलकट बोळे आपोआप तापणे.
• बांधकाम किंवा दुरुस्ती करताना होणारे वेल्डिंग व कटिंग.

कापसाच्या आगीने घडवलेल्या अनर्थाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके लादलेली होती. आग कापूस ठेवलेल्या तळघरात सुरू झाली. बराच वेळ पाणी मारूनही ती आटोक्यात आली नाही आणि दुपारी चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ही घटना इमारतीतील नसली, तरी धुमसणारा कापूस आणि दुसरा धोकादायक माल शेजारी ठेवू नये, हा धडा कारखान्यांनाही तितकाच लागू पडतो.

विस्तारामुळे होणारे बदल

मोकळी जागा : दोन इमारतींमधील व इमारत आणि कुंपण यांमधील अंतरास नियमावलीत सामासिक अंतर म्हणतात. आगीच्या दृष्टीने ते तीन कामे करते. एका इमारतीची उष्णता दुसरीपर्यंत पोहोचू देत नाही, अग्निबंबाला सर्व बाजूंनी वाट देते आणि बाहेर पडलेल्या माणसांना उभे राहण्यास सुरक्षित जागा देते. विस्ताराच्या वेळी सर्वांत आधी भरली जाते ती हीच जागा. दोन शेडमधील पट्ट्यावर केवळ पत्रे टाकले, तरी अग्निसुरक्षेच्या दृष्टीने दोन इमारतींची एक इमारत होते.

बाहेर पडण्याचे अंतर : इमारतीतील कोणत्याही बिंदूपासून सुरक्षित दारापर्यंत चालावे लागणारे अंतर राष्ट्रीय इमारत संहितेने मर्यादित केले आहे. उच्च धोक्याच्या औद्योगिक इमारतींसाठी ही मर्यादा २२.५ मीटर आहे. उदाहरणादाखल ४० मीटर लांब व २० मीटर रुंद शेड घेऊ. तिच्या दोन्ही लांब भिंतींच्या मध्यावर प्रत्येकी एक दार आहे. दारापासून सर्वांत दूरचा बिंदू आखूड भिंतीच्या मध्यावर येतो आणि तेथून दारापर्यंतचे सरळ अंतर सुमारे २२.४ मीटर भरते. म्हणजे शेड मर्यादेत बसते. आता एका लांब भिंतीला लागून तेवढीच दुसरी शेड बांधली, तर त्या बाजूचे दार उघड्यावर न उघडता नव्या शेडमध्ये उघडते. जुन्या शेडच्या त्या बाजूच्या कोपऱ्यातून आता पलीकडच्या दाराकडे जावे लागते आणि हे अंतर सुमारे २८.३ मीटर होते. प्रत्यक्षात यंत्रांना व ढिगांना वळसा घालावा लागत असल्याने ते आणखी वाढते. जुन्या शेडची एक वीटही न हलवता ती नियमबाह्य ठरते, ती अशी.

साठा व पाणी : आच्छादित क्षेत्र वाढले की साठा वाढतो. पूर्वीच्या साठ्यासाठी पुरेशी असलेली टाकी, पंप व नळखांब नव्या साठ्याला अपुरे पडतात. जुनी जलवाहिनी फक्त लांबवली, तर शेवटच्या नळखांबावर पुरेसा दाब मिळत नाही.

विद्युतभार : नवे रेचे, पंखे व पट्टे यांमुळे भार वाढतो. जुन्या तारांवर हा भार टाकणे धोक्याचे असते.

वर्गीकरण : वापर बदलला की इमारतीचा वर्गही बदलू शकतो. गोदामात तेलघाणा बसवला किंवा कारखान्याच्या माळ्यावर कामगारांची राहण्याची सोय केली, तर पूर्वीचे निकष लागू राहत नाहीत.

कायदेशीर चौकट

राष्ट्रीय इमारत संहिता : भारतीय मानक ब्यूरोची ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेविषयी आहे. तीत इमारतींचे वापरानुसार गट पाडले असून औद्योगिक इमारती ‘जी’ गटात, साठवणुकीच्या ‘एच’ गटात आणि घातक वापराच्या ‘जे’ गटात येतात. औद्योगिक गटाचे कमी, मध्यम व उच्च धोका असे तीन उपगट आहेत. संहिता स्वतः कायदा नाही. राज्याचे कायदे व नियमावल्या तिचा आधार घेतात, तेव्हा ती बंधनकारक होते.

विशिष्ट मानके : जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या अग्निसुरक्षेसाठी ‘आयएस २७२६’ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. हाताने वापरावयाच्या अग्निशामकांची निवड व देखभाल यांसाठी ‘आयएस २१९०’ हे मानक आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ : हा अधिनियम डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत इमारतीच्या प्रकारानुसार किमान अग्निशमन व्यवस्था दिलेली आहे. ही व्यवस्था परवानाधारक अभिकरणाकडूनच बसवून घ्यावी लागते. ती बसवल्याचे प्रमाणपत्र नमुना ‘अ’ मध्ये, तर ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र नमुना ‘ब’ मध्ये दरवर्षी जानेवारी व जुलै असे दोनदा सादर करावे लागते. नोटीस देऊनही त्रुटी दूर न केल्यास वीज व पाणीपुरवठा तोडण्याची किंवा इमारत मोहोरबंद करण्याची कारवाई होऊ शकते.

नगररचनेचे कायदे : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विस्तार हा ‘विकास’ ठरतो आणि त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे व काही अन्य अपवाद वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरण व अग्निशमन विभाग महामंडळाचेच असतात. त्यामुळे आपले आवार नगरपंचायतीच्या हद्दीत, ग्रामीण भागात की महामंडळाच्या क्षेत्रात आहे, हे आधी निश्चित करावे लागते.

कारखानाविषयक कायदे : कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६ नुसार कारखान्याच्या बांधकामाचे व विस्ताराचे नकाशे मंजूर करून घ्यावे लागत. केवळ यंत्र बदलले किंवा विहित मर्यादेत यंत्र वाढवले आणि त्याभोवतीची सुरक्षित मोकळी जागा घटली नाही, तर तो विस्तार मानला जात नसे. कलम १६ मध्ये प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागेची अट होती व ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा धरली जात नसे. कलम ३८ आगीविषयीच्या दक्षतेचे होते. कलम २७ नुसार कापूस-पिंजणीचे यंत्र चालू असलेल्या प्रेसिंग कारखान्याच्या भागात स्त्रिया व मुलांना काम देण्यास मनाई होती. मात्र यंत्राचे माल भरण्याचे तोंड छतापर्यंत पोहोचणाऱ्या भिंतीने वेगळे केले असल्यास काही सूट मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि तिने या अधिनियमाची जागा घेतली. राज्यात या क्षेत्राची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते.

परवानगीचे टप्पे

१. जुन्या मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहणे. मध्यंतरी विनापरवाना वाढ झाली असल्यास तिचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.
२. जमिनीचा अकृषिक वापर, पोहोचरस्ता, अनुज्ञेय चटई क्षेत्र व सामासिक अंतरे तपासणे.
३. वास्तुविशारद व संरचना अभियंता यांच्याकडून जुन्या व नव्या भागांचा एकत्रित नकाशा करून घेणे. जुन्या खांबांवर व पायावर नवा भार येणार असल्यास त्यांची क्षमता तपासणे.
४. अग्निशमन अधिकाऱ्याकडून तात्पुरते ना हरकत प्रमाणपत्र घेणे. कोणती व्यवस्था कोठे व किती असावी, हे या टप्प्यावर ठरते.
५. नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी आणि कारखाना नकाशाची मंजुरी मिळवणे.
६. बांधकाम व अग्निशमन व्यवस्थेची उभारणी. विद्युत मांडणीची विद्युत निरीक्षकाच्या नियमांनुसार तपासणी.
७. नमुना ‘अ’, प्रत्यक्ष तपासणी आणि अंतिम ना हरकत प्रमाणपत्र.
८. भोगवटा प्रमाणपत्र. त्यानंतरच नव्या भागाचा वापर सुरू करता येतो.

हंगामाच्या तोंडावर नवे गोदाम भोगवटा प्रमाणपत्राआधीच भरून टाकण्याची प्रवृत्ती आढळते. त्या वेळी टाकी व पंप बहुधा अपूर्ण असतात आणि माल मात्र पूर्ण असतो. म्हणून विस्ताराचे काम पावसाळ्यापूर्वीच हाती घेणे हितावह ठरते.

रचनेतील प्रमुख बाबी

विलगीकरण : रेच्यांचे दालन, प्रेस, गाठींचे गोदाम, सरकीची शेड व तेलघाणा हे भाग शक्यतो मोकळ्या जागेने वेगळे ठेवावेत. ते शक्य नसेल तेथे छताच्या वर काढलेली अग्निरोधक भिंत आणि आपोआप मिटणारे अग्निरोधक दार लागते. भिंतीतून जाणारा वाहकपट्टा किंवा हवेचा नळ हा विलगीकरणातील सर्वांत कच्चा दुवा असतो. ठिणगी त्यातूनच पुढच्या दालनात पोहोचते. म्हणून तेथे आपोआप बंद होणारी झडप आणि पट्टा तत्काळ थांबवणारी कळ आवश्यक असते.

पोलादी सांगाडा : पोलाद जळत नसले, तरी सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला त्याची जवळजवळ निम्मी ताकद नाहीशी होते. गाठींच्या आगीत उघड्या कैच्या वाकून छत कोसळू शकते. म्हणून भार वाहणाऱ्या भागांवर संरक्षक लेप किंवा आवरण द्यावे लागते.

बाहेर पडण्याच्या वाटा : संहितेनुसार बाहेर पडण्याचे दार किमान १ मीटर रुंद व २ मीटर उंच असावे आणि ते बाहेरच्या दिशेने उघडावे. काम चालू असताना कोणत्याही दाराला कुलूप असता कामा नये. दारासमोर ठेवलेली एक गाठदेखील दार बंद असल्यासारखीच असते.

आग विझवण्याची साधने : कापसाच्या आगीवर पाणीच प्रभावी असते. कोरडी पावडर वरची ज्योत विझवते. आतले धुमसणे थांबवू शकत नाही. कार्बन डायऑक्साइड विद्युत फलकांसाठी योग्य आहे, परंतु त्याच्या झोताने सुटे तंतू उडून आग पसरू शकते. पंपाला स्वतंत्र वीजजोडणी व डिझेलवर चालणारा पर्यायी पंप असावा, कारण आग लागताच कारखान्याची वीज बंद करावी लागते.

अग्निबंबाची वाट : उंच इमारतींभोवती संहितेने अपेक्षिलेला मोकळा मार्ग किमान ६ मीटर रुंद आणि ४५ टनांच्या अग्निबंबाचे वजन पेलणारा असतो. जिनिंगच्या शेड ठेंगण्या असल्या, तरी हंगामात गंजी, गाड्या व वजनकाट्यापुढील रांगा यांतून वाट मोकळी राहील, अशी आखणी विस्ताराच्या नकाशातच करावी लागते.

बांधकाम चालू असतानाची दक्षता

चालू कारखान्यात विस्ताराचे काम होते, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. कैच्या जोडताना वेल्डिंगचा तापलेला थेंब खालच्या तंतूंत पडून तेथे धुमसत राहतो आणि कामगार घरी गेल्यावर आग भडकते. त्यामुळे अशा कामासाठी दररोज लेखी परवाना, सभोवतालची सफाई, न पेटणारे आच्छादन, पाण्यासह उभा पहारेकरी आणि काम संपल्यानंतरही काही काळ देखरेख, हे नियम पाळले जातात. जुने नळखांब तोडण्यापूर्वी नवे सुरू करणे, हाही त्यातील महत्त्वाचा नियम होय.

उल्लेखनीय दुर्घटना

कराचीतील बलदिया टाउन येथील कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी लागलेल्या आगीत २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. खिडक्यांना गज होते, दारे बंद होती आणि आत विनापरवाना लाकडी माळा उभारलेला होता. ही आग हेतुपुरस्सर लावल्याचा निष्कर्ष न्यायालयाने २०२० मध्ये काढला. आग कोणत्याही कारणाने लागो, किती माणसे वाचतील हे इमारतीच्या रचनेवर ठरते, हे या घटनेतून दिसते.

बांगलादेशातील सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक जण ठार झाले. तेथे आग लागली नव्हती. विनापरवाना चढवलेले वरचे मजले आणि त्यांवरील यंत्रांचा भार इमारतीला पेलवला नाही.

मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. जुन्या गिरणीच्या आवारात उपाहारगृहे सुरू होऊन वापर बदलल्याचे हे उदाहरण आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यात १८ मे २०२५ रोजी लागलेल्या आगीत ८ जण दगावले. मृतांमध्ये त्याच इमारतीत राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबीयांचाही समावेश होता. कारखाना व निवास एकाच छताखाली असण्यातील धोका त्यातून पुढे आला.

विमा

प्रमाणित अग्निविमा पॉलिसीनुसार इमारतीचा वापर किंवा व्यवसाय बदलून जोखीम वाढली आणि विमा कंपनीला कळवून तशी नोंद करून घेतली नाही, तर संरक्षण संपुष्टात येऊ शकते. माल आपोआप तापून होणारे नुकसानही मूळ पॉलिसीत वगळलेले असते. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ओलसर कापूस व सरकी साठवणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. विस्तारानंतर इमारतीची व साठ्याची विमा रक्कम न वाढवल्यास भरपाई त्या प्रमाणात घटते.

ग्रामीण भागातील अडचणी

तालुक्याच्या ठिकाणी आणि आसपासच्या गावांत अग्निबंब अनेकदा शेजारच्या शहरातून यावा लागतो. सेलू ते वर्धा हे अंतर सुमारे १५ ते २० किलोमीटर आहे. सुटा कापूस मात्र काही मिनिटांत पेटून जातो. त्यामुळे आवारातील पाणी, पंप आणि ते हाताळणारी प्रशिक्षित माणसे हीच खऱ्या अर्थाने पहिली अग्निशमन सेवा ठरते. हंगामी कामगार दरवर्षी बदलत असल्याने प्रशिक्षण व सराव हंगामाच्या आरंभी नव्याने घ्यावा लागतो. वर्षातील काही महिनेच चालणाऱ्या उद्योगाला कायमस्वरूपी व्यवस्थेचा खर्च जड जातो, तर अनेक कार्यालयांच्या परवानग्यांमुळे लहान मालक टप्प्याटप्प्याने विनापरवाना शेड वाढवण्याकडे वळतात.

या हानीचा भार एकट्या मालकावर पडत नाही. गंजीत जळणाऱ्या कापसाचे पैसे शेतकऱ्याला मिळालेले असतीलच असे नाही, आणि हमाल व रेच्यावरील मजूर यांचा उरलेल्या हंगामाचा रोजगारही त्याबरोबर जातो.